हात पाहणे

काशीत हात पाहणारे पुष्कळ. दशाश्वमेधावर छत्रीखाली बसलेला ज्योतिषी आयुष्यरेषा पाहतो. विश्वनाथ गल्लीतला बांगडीवाला पंजा दाबून माप ठरवतो. वैद्य मनगट धरून नाडी पाहतो. आणि वेदपाठशाळेतले गुरुजी विद्यार्थ्याचा उजवा हात पाहतात. शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेत स्वर केवळ कंठाने उच्चारायचा नसतो, तो हातानेही दाखवायचा असतो. उदात्ताला हात वर जातो, अनुदात्ताला खाली येतो, स्वरिताला बाजूला वळतो. विसर्ग आणि अनुस्वार यांच्यासाठी बोटांच्या वेगळ्या खुणा आहेत. कंठ किंचित चुकला तर एखाद्या वेळी ऐकणाऱ्याच्या लक्षात येणार नाही. हात चुकला तर समोर बसलेल्या साऱ्यांना दिसतो. म्हणून या पाठशाळांत मुलाचा हात हा त्याच्या विद्येचा अर्धा भाग समजला जातो.

दुर्गाघाटावरच्या एका मराठी घरातील दहा वर्षांच्या मुलाच्या अशा हातावर, तर्जनीच्या मधल्या सांध्याच्या किंचित वर, १९८६ सालच्या उन्हाळ्यात एक चामखीळ उगवली. प्रथम ती मोहरीएवढी होती आणि तिचा रंग कातडीचाच होता. कोणाच्या ध्यानातही आली नाही. श्रावण लागेपर्यंत ती हरभऱ्याच्या डाळीएवढी झाली, तिचा माथा कारल्याच्या सालीसारखा खडबडीत झाला, आणि अंगठ्याच्या नखाशेजारी आणखी दोन उगवल्या. मुलाला नखे खाण्याची सवय होती. पाठ म्हणताना हात वर गेला, की समोरच्या मुलांचे डोळे स्वरावरून ढळून त्या बोटावर खिळत. गल्लीतली मुले त्याला ‘मस्सा’ म्हणू लागली. काही जण त्याच्या शेजारी आसन टाकीनासे झाले. गुरुजी काही बोलले नाहीत. परंतु एका सणाच्या मंत्रपुष्पांजलीला त्याला पुढच्या ओळीतून मागच्या ओळीत बसवण्यात आले, आणि त्या घराला ते पुरेसे बोलके वाटले.

दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या भागात पेशवाईपासून मराठी घरे आहेत. कोणी अग्निहोत्रासाठी आले, कोणी अध्ययनासाठी, कोणी केवळ काशीत देह ठेवावा म्हणून. पिढ्या गेल्या, बाहेरची भाषा बनारसी झाली, उंबऱ्याच्या आतली मराठी राहिली. त्यामुळे एकाच वस्तूला दोन नावे असणे या घरांना नवे नव्हते. गल्लीत ‘मस्सा’ असलेली गोष्ट उंबरा ओलांडला की ‘चामखीळ’ होई. नाव बदलले म्हणजे उपचारही बदलत. गल्लीचे उपचार वेगळे, घराचे वेगळे. आणि त्या पावसाळ्यात मुलाच्या बोटाने दोन्ही भोगले.

गल्लीचा उपचार चुन्याचा. बनारसात चुना दूर शोधावा लागत नाही. नाक्यावरच्या पानवाल्याने विड्याच्या पानाचे देठ चुन्यात बुडवून दिले आणि चामखिळीवर रोज घासायला सांगितले. आठ दिवसांत भोवतालची कातडी लाल होऊन सोलली, चामखीळ होती तशीच राहिली. मग काका गोदौलियाच्या नाक्यावर उभ्या असणाऱ्या एक्क्यांपैकी एका घोड्याच्या शेपटीचा केस घेऊन आले. हा महाराष्ट्रातून बरोबर आलेला, आजीच्या भरवशाचा उपाय. तिच्या मानेवर पूर्वी एक लोंबती चामखीळ होती. तिच्या देठाला घोड्याचा केस आवळून बांधला आणि दहा दिवसांत ती सुकून गळून पडली, हे सारे घर जाणत होते. पण नातवाच्या चामखिळीला देठच नव्हता. ती कातडीत बसलेली होती. केस आवळला की निसटे. पुन्हा बांधावा, पुन्हा निसटे.

आजीच्या मानेवरचे आणि नातवाच्या बोटावरचे, या दोन्हींना मराठी एकच शब्द वापरते, आणि तेथेच पुष्कळ घोटाळा होतो. मानेवर, काखेत, पापणीवर मध्यमवयात लोंबणारे ते मऊ, देठ असलेले कातडीचे बोंड संसर्गाने होत नाही, कोणाला लागत नाही. स्थूल किंवा मधुमेही माणसांत ते अधिक दिसते. त्याच्या देठातून जाणारा रक्तपुरवठा थांबला की ते सुकते, म्हणून घोड्याच्या केसाला यश येते. बोटावरची, तळव्यावरची, गुडघ्यावरची खडबडीत चामखीळ ही निराळी गोष्ट आहे. तिचे मूळ एका विषाणूत आहे. आजीचा अनुभव खोटा नव्हता. तो दुसऱ्याच रोगाचा होता.

तिसरा उपाय बिब्ब्याचा. नागपूरकडून आलेल्या एका नातेवाईक बाईंनी आपल्या पिशवीतून चार काळे बिब्बे काढून दिले. आजीने एक बिब्बा दाभणाला टोचला, समईच्या ज्योतीवर धरला, आणि त्यातून पाझरलेले काळे तेल चामखिळीच्या माथ्यावर सोडले. तिचा हात थरथरत होता आणि मूल घाबरून हात ओढत होते. थेंब सांध्यावर पसरला. दुसऱ्या दिवशी बोट सुजले, तिसऱ्या दिवशी फोड आले, आणि ज्या ज्या ठिकाणी तेल लागले होते त्या त्या ठिकाणची कातडी जळून काळी पडली. धोबी कपड्यांवर खुणा करण्यासाठी ज्या रसाचा उपयोग करतात, तोच हा रस. कापसावर तो पुसत नाही, कातडीवरही नाही. त्या रात्री आजी मुलाचा हात मांडीवर घेऊन खोबरेल लावीत बसली. तिने जेवण केले नाही. घरात कोणी तिला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि बहुधा म्हणूनच तिला ते अधिक लागले.

जखम चिघळेल या भीतीने अण्णा मुलाला घेऊन विद्यापीठाच्या रुग्णालयात गेले. तेथील डॉक्टरांनी प्रथम भाजलेल्या जागेचा उपचार केला. जखम वाळल्यावर, तीन आठवड्यांनी, त्यांनी मुलाला खिडकीपाशी बसवले आणि भिंग घेऊन हात पाहायला सुरुवात केली. त्यांनी दोन्ही हात पाहिले, तळवे पाहिले, नखांच्या कडा पाहिल्या, पायांचे तळवेही पाहिले. मग अंगठ्याजवळच्या चामखिळीचा वरचा टणक थर पात्याने हलकेच खरवडून त्यांनी अण्णांना भिंगातून पाहायला सांगितले. बोटाच्या कातडीवर ज्या बारीक रेषा असतात, त्या चामखिळीच्या कडेपर्यंत येऊन थांबत होत्या आणि पलीकडून पुन्हा सुरू होत होत्या. आत काळे ठिपके होते, वाळूच्या कणांएवढे. लोक त्यांना चामखिळीची मुळे किंवा बी समजतात. वस्तुतः ती रक्त गोठलेल्या केशवाहिन्यांची टोके असतात. आणखी थोडे खरवडले तर तेथून टाचणीच्या टोकाएवढे रक्त येते. रेषा तुटणे आणि काळे ठिपके दिसणे, या दोन खुणा भेटल्या की चामखीळ ओळखायला सहसा दुसरे काही लागत नाही.

ओळखण्याचा दुसरा अर्थ, ती काय नाही हे ठरवणे. पायाच्या तळव्यावरची चामखीळ चालण्याच्या दाबाने आत दबते आणि कुरुपासारखी दिसते. परंतु कुरुपावर कातडीच्या रेषा चालू राहतात, त्याच्या मध्यभागी कठीण, पारदर्शक गाभा असतो आणि ते सरळ दाबल्यावर दुखते, तर चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर अधिक दुखते. तीळ जन्माचा सोबती असतो, पण त्याचा रंग वा कडा बदलू लागल्या, त्यातून रक्त येऊ लागले, तर तो चामखिळीच्या औषधाचा विषय राहत नाही. या देशात हातापायांवर एकच खडबडीत चट्टा महिनोन्महिने सावकाश पसरत असेल तर तो त्वचेचा क्षयही असू शकतो. उतारवयात नव्याने उगवलेली, भराभर वाढणारी किंवा व्रण पडलेली ‘चामखीळ’ कापून तपासल्याशिवाय चामखीळ म्हणू नये. हे सारे डॉक्टरांनी त्या दिवशी सांगितले नाही. काही सांगितले, काही पुढच्या फेऱ्यांत कळले. मुलाच्या लक्षात राहिले ते एवढेच, की औषधाचे नाव काढण्यापूर्वी त्या माणसाने पाव तास नुसते पाहिले.

चामखीळ संसर्गाने होते, ही गोष्ट १९०७ साली जुझेप्पे चुफ्फो या इटालियन वैद्याने सिद्ध केली. त्याने चामखिळीचा अर्क जंतूही अडकून राहतील अशा गाळणीतून गाळला, तो स्वतःच्या हातावर टोचून घेतला, आणि काही महिन्यांनी तेथे चामखीळ उगवली. गाळणीतून पार होणारे ते काहीतरी जंतूपेक्षा सूक्ष्म होते. आज त्या विषाणूच्या दोनशेहून अधिक जाती माहीत आहेत. त्यांतल्या काही मोजक्या जाती हातापायांच्या चामखिळी उत्पन्न करतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी ज्यांचा संबंध आहे त्या निराळ्या. हा विषाणू निरोगी, अखंड कातडीतून सहसा आत जात नाही. त्याला ओरखडा लागतो, भेग लागते, कुरतडलेले नख लागते. एकाच रेषेत उगवलेल्या चामखिळी पाहिल्या तर बहुधा एखाद्या जुन्या ओरखड्याची वाट सापडते, आणि दाढीच्या वस्तऱ्याने त्या गालभर पेरल्या जातात. बेडकाचा किंवा पापाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

डॉक्टरांनी सॅलिसिलिक आम्लाचे औषध दिले. त्याचा विधी साधा आणि कंटाळवाणा होता. रोज रात्री बोट पाच मिनिटे कोमट पाण्यात बुडवावे. मऊ झालेला थर खरखरीत दगडाने हलकेच घासावा, आणि तो दगड दुसऱ्या कोणी वापरू नये. भोवतालच्या कातडीला व्हॅसलीन लावून फक्त चामखिळीवर औषधाचा थेंब ठेवावा. असे तीन महिने करावे. नखे खाऊ नयेत. पंचा वेगळा ठेवावा. तोंडावर हे औषध लावू नये, आणि घरात कोणी मधुमेही असेल तर त्याने आपल्या पायावर हा प्रयोग करू नये. अण्णांनी विचारले, गोठवून किंवा जाळून एका दिवसात काढता येणार नाही का? उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनने गोठवतात, विजेच्या सुईने जाळतातही, असे उत्तर मिळाले; मोठ्यांत, हट्टी चामखिळीला ते करावे. मुलाच्या सांध्यावर एकदा भाजून झाले आहे, पुन्हा नको. मुलांच्या चामखिळी पुष्कळदा आपणहून जातात: साधारण निम्म्या वर्षभरात, दोनतृतीयांश दोन वर्षांत. शरीराला तो परका उशिरा ओळखू येतो. एकदा ओळखला की ते स्वतःच त्याला बाहेर काढते.

तसेच झाले. दुसऱ्या वर्षीच्या होळीला अंगठ्याजवळच्या दोन्ही चामखिळींचे काळे ठिपके वाढलेले दिसले, आणि गुढीपाडव्यापर्यंत त्या विरून गेल्या. कातडीच्या रेषा पुन्हा अखंड झाल्या, जणू तेथे काही नव्हतेच. औषधाने गेल्या की आपणहून, हे सांगणे अवघड. आजीने शीतलाघाटावरच्या देवीला नवस केला होता. तिने ओटी भरली, आणि तिच्या दृष्टीने प्रश्न मिटला. चामखिळीवर जगभर जितके तोडगे आहेत तितके क्वचितच दुसऱ्या रोगावर असतील, आणि त्या सर्वांच्या यशाचे मूळ एकच: जी गोष्ट बहुधा जाणारच असते, तिच्या जाण्याचे श्रेय शेवटच्या उपायाला मिळते. पाडव्याला मुलगा पुन्हा पुढच्या ओळीत बसला. तर्जनीवर मात्र, जेथे बिब्ब्याचा थेंब पडला होता, तेथे पावलीएवढा काळा, ताठ डाग राहिला. रोग गेला होता; डाग उपचाराचा होता. बोट पूर्ण सरळ होताना तो अजूनही थोडा ओढतो.

पुढे तो विद्यार्थी मोठा झाला, दशग्रंथांबरोबर त्याने व्याकरण केले, आणि शब्दांच्या व्युत्पत्तीच्या ओढीने एके दिवशी शेजारच्या वैद्यांकडची सुश्रुतसंहिता उघडली. काशीत ही संहिता परकी नव्हे. तिची चौकटच अशी आहे, की काशिराज दिवोदास धन्वंतरी सुश्रुतादी शिष्यांना शल्यशास्त्र सांगत आहे. निदानस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात, मूळव्याधीच्या विवेचनाच्या शेवटी, त्याला ‘चर्मकील’ भेटला: व्यान वायू कफाला घेऊन बाहेरच्या कातडीवर खिळ्यासारखे स्थिर अंकुर उत्पन्न करतो, ते हे. चर्म म्हणजे चामडे, कील म्हणजे खीळ. दुर्गाघाटावरच्या घरात उंबऱ्याच्या आत वापरला जाणारा शब्द, दोन अक्षरे झिजून, त्या ग्रंथातून जसाच्या तसा आला होता. तेराव्या अध्यायात, क्षुद्ररोगांत, ‘मषक’ होता: वेदना नसलेला, स्थिर, उडदाच्या दाण्यासारखा काळा आणि उंच. ‘माष’ म्हणजे उडीद. गल्लीतला मस्सा आणि घरातली चामखीळ, दोन्ही नावे त्या ग्रंथात वेगवेगळी नांदत होती. शेजारी तिळासारखा सपाट ‘तिलकालक’ होता आणि काट्याखड्याने पायाला होणारा ‘कदर’, म्हणजे आजचे कुरूप. ज्या चार गोष्टी सामान्य माणूस एक समजतो, त्या ग्रंथकाराने नुसत्या डोळ्याने आणि बोटाने वेगळ्या केल्या होत्या. विषाणूची त्याला कल्पना असणे शक्य नव्हते, आणि त्याच्या वातकफाच्या मीमांसेने आज कोणी चामखीळ समजावून घेणार नाही. परंतु त्याचे पाहणे अजून खरे आहे.

उपचार चिकित्सास्थानात होता. चर्मकील, मषक, तिलकालक शस्त्राने काढावेत आणि ती जागा क्षाराने किंवा अग्नीने दग्ध करावी. विजेची सुई आणि सॅलिसिलिक आम्ल यांचे पूर्वज त्या एका वाक्यात शेजारी शेजारी उभे आहेत. त्याच परंपरेतला क्षारसूत्राचा उपचार याच शहरात, हिंदू विश्वविद्यालयात, प्रा. प्र. जा. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या दशकात भगंदरासाठी पुन्हा उभा केला, हेही त्याने वैद्यांकडून ऐकले. पण त्याचे लक्ष खिळले ते सूत्रस्थानातल्या क्षाराच्या अध्यायावर. क्षार लावल्यावर शंभर अक्षरे उच्चारायला लागेल एवढा वेळ थांबावे, असे तेथे सांगितले आहे. जागा काळी झाली की दाह योग्य झाला. मग आंबट द्रव्यात तूप आणि ज्येष्ठमध घालून ती शांत करावी. क्षाराला आम्ल का शमवते याचीही चर्चा आहे. दाह कमी झाला, बरोबर झाला, अधिक झाला, यांची लक्षणे निरनिराळी दिली आहेत. आणि क्षार कोणाला द्यावा या यादीत चर्मकील आणि मशक आहेत. त्याला लागूनच कोणाला देऊ नये याची यादी आहे. ज्वर आलेला, दुर्बल, वृद्ध, आणि बाल.

त्या ‘बाल’ शब्दावर तो बराच वेळ थांबला. आजीने केले ते परंपरेबाहेरचे नव्हते; दाहाचा उपाय जुनाच होता. तिच्यापर्यंत येता येता मधल्या वाटेवर दाह तेवढा उरला, त्याच्या मागेपुढे असलेले सारे गळून पडले: आधीचे ओळखणे, किती वेळ ते मोजणे, नंतरचे शमवणे, आणि कोणाला करू नये याची ताकीद. संहितेत निदानस्थान आधी येते आणि चिकित्सास्थान नंतर, हा केवळ ग्रंथाचा क्रम नव्हे. आजी तेव्हा हयात नव्हती. असती तरी त्याने तिला हा अध्याय वाचून दाखवला नसता.

हे कळून त्याला पंधरा वर्षे झाली असतील. तो आता स्वतः मुलांना संथा देत होता. २००९ च्या गुरुपौर्णिमेला बलियाकडचा एक शेतकरी आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला पाठशाळेत ठेवण्यासाठी घेऊन आला. पूजा झाल्यावर तीर्थ देण्याची वेळ आली. बापाने उजवा हात पुढे केला आणि पळी हातातच थांबली. तळव्यावर मोहरीएवढे, ज्वारीएवढे कठीण दाणे होते. अंगठ्याच्या बुडाशी, बोटांच्या मुळाशी, तळहाताच्या कडांना दाट. मध्ये दोनतीन ठिकाणी पात्याने तासल्याच्या खुणा होत्या आणि एके ठिकाणी चुन्याने सोललेली कातडी. शेतकरी ओशाळला. मस्से आहेत, म्हणाला, जात नाहीत, मुलाला लागतील काय याची चिंता वाटते.

तीर्थ देऊन झाल्यावर गुरुजींनी त्याला चौकात, उन्हात नेले आणि हात पाहिला. दोन्ही हात पाहिले. दाणे दोन्ही तळव्यांवर सारखे होते. चामखीळ अशी तोलून मापून उगवत नाही. तासलेल्या जागी काळे ठिपके नव्हते, रक्ताची टोके नव्हती. पायाच्या तळव्यांवरही तेच होते. किती दिवस, तर पाच-सहा वर्षे. घरात आणखी कोणाला, तर बायकोला आणि थोरल्या भावाला. उपरणे बाजूला केल्यावर छातीवर आणि पाठीवर, धुळीवर पावसाचे थेंब पडावेत तसे गडद आणि फिकट ठिपके दिसले. गुरुजी वैद्य नव्हते, आणि हे काय आहे ते त्यांना माहीत नव्हते. आपल्या बोटावर जे झाले होते ते हे नव्हे, एवढेच त्यांना माहीत होते. त्यांनी चुना आणि पाते बंद करायला सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः बरोबर जाऊन त्या माणसाला रुग्णालयात दाखवले.

डॉक्टरांनी तळवे पाहिले आणि पहिला प्रश्न पाण्याचा विचारला. पाणी हातपंपाचे होते. गंगेच्या काठच्या त्या गावात पंधरा-वीस वर्षांपूर्वी पंप बसले, तेव्हापासून विहिरी ओस पडल्या होत्या. आर्सेनिक, जुन्या वैद्यांच्या भाषेत सोमल, हिमालयातून आलेल्या गाळात लोहाला बांधलेले असते. जमिनीखाली प्राणवायू कमी पडला की ते सुटून पाण्यात उतरते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पश्चिम बंगालमधले असे रुग्ण १९८३ साली कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी ओळखले. तेही आधी तळव्यांवरूनच. मध्य गंगेच्या खोऱ्याकडे लक्ष गेले ते जादवपूर विद्यापीठाच्या दीपंकर चक्रवर्ती यांच्या चमूने भोजपूर जिल्ह्यातल्या सेमरिया ओझा पट्टी या गावाचे पाणी तपासून २००३ साली ते प्रसिद्ध केल्यावर. पाठोपाठ बलिया, गाजीपूर ही नावे आली. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात लिटरला दहा मायक्रोग्रॅमची मर्यादा घालून दिली आहे. ती वर्षानुवर्षे ओलांडली गेली, की कातडीवर आधी ठिपके येतात, मग तळव्यावर दाणे, आणि पुढे कातडीचा, फुप्फुसाचा, मूत्राशयाचा कर्करोग संभवतो. पटकीच्या साथी थांबाव्यात म्हणून लोकांना विहिरींवरून पंपांवर आणले गेले होते. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. हेतू चांगला आणि थेंब चुकीचा, हे गुरुजींना आपल्या बोटावरून ठाऊक होते.

अशा तळव्यावर चामखिळीचे औषध लावीत बसणे म्हणजे निरोप घेऊन आलेल्याला दाराबाहेर काढणे. तो माणूस दाणे तासत होता आणि घर तेच पाणी पीत होते. मुलाच्या छातीवरही, नीट पाहिल्यावर, पाचसात ठिपके दिसले. त्याचे तळवे मात्र मऊ होते. त्याला वेळेवर गाव सोडून आणले गेले होते, ते वेदासाठी. तहान लागली तर काय प्यावे हा विचार तेव्हा कोणाच्या मनात नव्हता.

गावातल्या पंपांचे पाणी तपासले गेले. भावकीने जुनी उघडी विहीर उपसून स्वच्छ केली, आणि पिण्यास तिचे पाणी तपासून, उकळून घेऊ लागली. उघड्या विहिरीत सोमल सहसा कमी असतो, पण जुने रोग असतात, म्हणून उकळणे आले. शेतकऱ्याचे तळवे झटकन सुधारले नाहीत. डॉक्टरांनी तसे आधीच सांगितले होते: पाणी बदलल्यावर नवे दाणे थांबतील, जुने सावकाश मऊ होतील, काही राहतील; एखादा वाढू लागला किंवा चिघळला तर थांबायचे नाही, लगेच यायचे. दरवर्षी एकदा तरी हात दाखवून जायचे.

तो दरवर्षी येई. मुलगा संथा पुरी करून पुढे शिकायला गेला, तरी बाप गुरुपौर्णिमा चुकवीत नसे. पूजा होते, मंडळी ओळीने तीर्थाला येतात. पाठशाळेतली मुले हात पुढे करतात. कोणाच्या बोटावर मोहरीएवढी चामखीळ असते, कोणाचे नख कुरतडलेले असते. गुरुजी तीर्थ देऊन त्या मुलाला नंतर उन्हात यायला सांगतात, रेषा कोठे तुटते ते पाहतात, आणि बहुधा एवढेच सांगतात, की नख खाऊ नको, खरवडू नको, पुढच्या वर्षी पाहू. मुलांना ते उत्तर पुरेसे वाटत नाही. ती त्यांच्या तर्जनीवरच्या काळ्या डागाकडे पाहतात, विचारीत नाहीत. बलियाचा पाहुणा ओळीत शेवटी उभा राही. त्याने हात पुढे केला की गुरुजी पळी उचलण्यापूर्वी त्याचा तळवा दोन्ही बाजूंनी वळवून, अंगठ्याचे बूड आणि बोटांची मुळे बघून घेत. मग म्हणत, ‘दुसरा’. तो दुसराही हात दाखवी. त्यानंतर तीर्थ दिले जाई.